नदीकाठचे संकुल: लाल पूररेषेच्या आत दुकाने कोणत्या पातळीवर ठेवावीत?

नवखा आराखडाकार (प्रश्न):

पुण्यात मुठेच्या डाव्या काठावर, राजाराम पूल आणि म्हात्रे पूल यांच्या दरम्यान, साधारण अडीच एकरांच्या एका भूखंडावर दुकाने, कार्यालये आणि सुमारे ८० सदनिका असे मिश्र वापराचे संकुल उभारायचे आहे. त्याचा प्राथमिक आराखडा करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. भूखंडाचा नदीकडील जवळजवळ एक तृतीयांश भाग निळ्या, म्हणजे खालच्या पातळीच्या, पूररेषेच्या आत जातो आणि उरलेली जागा बहुतेक सगळी निळी रेषा व तिच्याहून वरची लाल रेषा यांच्यामधल्या पट्ट्यात येते. निळ्या रेषेच्या आत इमारत येणार नाही, हे आम्ही धरूनच चाललो आहोत. अडचण मधल्या पट्ट्याची आहे. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे या पट्ट्यात बांधकामाला परवानगी मिळू शकते, मात्र ते लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंचीवर असावे लागते. आमच्या मोजणीत ही लाल पातळी समोरच्या रस्त्यापेक्षा सव्वादोन मीटर वर आली, म्हणजे जोते रस्त्यापासून २.७ मीटरांवर जाते.

पंधरा सेंटिमीटरची एक पायरी धरली तर अठरा पायऱ्या होतात, आणि १:१२ उताराचा रॅम्प करायचा म्हटला तर मधले थांबे सोडूनच ३२ मीटरांहून अधिक लांबी लागते. मालकांचे म्हणणे असे की रस्त्यावरून सरळ आत शिरता येत नसेल तर ते दुकान दुकानच नव्हे. त्यांच्या मनात खाली दोन तळघरांत पार्किंग, रस्त्यालगत काचेची दुकाने आणि नदीकडे तोंड करून उपाहारगृहे असे चित्र पक्के बसलेले आहे. मी आतापर्यंत तीन वेळा नकाशा बदलला. प्रत्येक वेळी एक तर दुकाने हवेत लटकतात, नाही तर रस्त्याच्या बाजूला पार्किंगची लांबच लांब मुकी भिंत उभी राहते.

माझे प्रश्न दोन आहेत. तळघराला मी ठामपणे नकार द्यावा का, आणि द्यायचा तर मालकांना पटेल असे कोणते कारण सांगावे? दुसरे म्हणजे, जोते इतके उंच ठेवूनही रस्ता आणि नदी यांच्याशी संकुलाचा संबंध राहील अशी रचना करता येते का? नियम कसा वळवता येईल, हे मला विचारायचे नाही.

निवृत्त पाटबंधारेवाला:

आपण नकाशा तीनदा बदललात, पण नदीच्या पात्रापासून रस्त्यापर्यंतचा आडवा छेद एकदा तरी पूर्ण काढला आहे का? नदीकाठी काम करताना छेद आधी आणि नकाशा नंतर असाच क्रम ठेवावा लागतो. भूखंडाच्या नकाशावर पूररेषा ही एखाद्या कुंपणासारखी दिसते आणि तिच्या अलीकडे आलो की सुटलो असे वाटते, परंतु ती मुळात एका विशिष्ट विसर्गाला पाण्याने गाठलेली पातळी असते. निळी रेषा सर्वसाधारणपणे २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची मानतात. त्यावरून लाल रेषेचा पूर आता आला तर पुन्हा १०० वर्षे नाही, असा समज होतो, आणि तोच सर्वांत घातक आहे. कोणत्याही एका वर्षी तो येण्याची शक्यता एक टक्का, एवढाच त्याचा अर्थ. इमारतीचे आयुष्य ५० वर्षे धरले, तर त्या काळात असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता ४० टक्क्यांच्या आसपास जाते. आपल्या मालकांना नुसता एक टक्का न सांगता हा पन्नास वर्षांचा हिशेब सांगा.

मुठेचा स्वभावही लक्षात घ्या. वर पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही धरणे आहेत, पण शहराच्या तोंडाशी असलेल्या खडकवासल्याची साठवण जेमतेम दोन टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. त्यामुळे वरची धरणे भरत आली आणि घाटमाथ्यावर पाऊस लागून राहिला की खडकवासल्याला पाणी फार काळ धरून ठेवता येत नाही, ते सोडावेच लागते. २५ जुलै २०२४ रोजी सुमारे ३५ हजार क्युसेकचा विसर्ग झाला आणि सिंहगड रस्त्यालगतच्या एकतानगरीत पाणी शिरले, हे आपल्याला आठवत असेलच. ३५ हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला जवळपास दहा लाख लिटर. त्यात धरणाच्या खालच्या भागात पडणारा पाऊस आणि ओढ्यानाल्यांचे पाणी वेगळे मिळते. नदी चढलेली असताना नाल्याला पाणी सोडायला जागाच राहत नाही, आणि मग नदीपासून दूरचा भाग मागून बुडतो. तेव्हा आपल्या भूखंडाजवळ एखादा ओढा नदीला मिळत असेल तर त्याचा छेदही तितक्याच काळजीने काढा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यातल्याच आंबिल ओढ्याला जो पूर आला त्यात धरणाचा काही संबंध नव्हता.

१९६१ चा उल्लेख कोणी तरी करीलच, म्हणून आधीच सांगतो. त्या १२ जुलैला पानशेत फुटले आणि पाठोपाठ खडकवासला गेले. धरणफुटीचा तो लोंढा होता. शंभर वर्षांच्या पुराच्या हिशेबाने त्याला मोजता येत नाही आणि त्याला धरून कोणी जोते ठरवीत नाही. मात्र त्या दिवसाच्या भीतीचा दाखला देऊन नेहमीच्या पुराच्या गोष्टी दुर्लक्षितही करू नयेत.

आता भरावाबद्दल. जोते उंच करायचे म्हणून संपूर्ण भूखंडावर मुरूम टाकून सपाट मैदान करण्याचा मोह होईल, तो टाळा. आपण जितके घनमीटर भरता तितके पाणी दुसऱ्या कोणाच्या तरी अंगणात जाते, आणि पात्र आवळले की वरच्या अंगाची पातळी चढते. इमारत खांबांवर उभी करा आणि खालून पाणी वाहू द्या. खांब चौकोनी न ठेवता लांबट ठेवा आणि त्यांची लांबी प्रवाहाच्या दिशेला समांतर राहू द्या. वाईच्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत मत्स्याकार बांधलेली आहे, ती कृष्णेचे पाणी दुभंगून बाजूने जावे म्हणूनच. पुरात नुसते पाणी येत नाही. जलपर्णीचे गठ्ठे, ओंडके, कोणाची तरी टपरी, असे सगळे वाहत येते आणि दोन खांबांच्या मध्ये जाळी किंवा कुंपण असले की तिथे अडकून त्याचा बांध तयार होतो. म्हणून खालच्या मोकळ्या मजल्यावर नंतर कोणी जाळ्या बसवणार नाही, अशी तजवीज आजच करून ठेवा.

तिसरा मजला, नदीकडची बाजू:

मी वास्तुरचनाकार नाही; सिंहगड रस्त्यालगतच्या एका सोसायटीत राहतो आणि २०२४ च्या जुलैमध्ये आमच्या पार्किंगमध्ये छातीएवढे पाणी होते. वरच्या सदस्यांनी नदीचा हिशेब सांगितला आहे, मी इमारतीच्या आतला सांगतो.

पाणी नदीकडून येईल म्हणून आम्ही फाटकाकडे बघत होतो, आणि ते आले मागच्या चेंबरमधून. पहाटे चारच्या सुमारास आधी ड्रेनेजचे झाकण थरथरायला लागले, मग ते उचलले गेले आणि काळे पाणी पसरले. तळमजल्यावरच्या दवाखान्याच्या शौचालयातून त्याच वेळी पाणी उलटे वर येत होते. नदीचे पाणी फाटकातून शिरायला त्यानंतर अर्धा तास लागला. पावसाच्या आणि सांडपाण्याच्या दोन्ही वाहिन्यांवर उलटे पाणी अडवणारी झडप असती, तर निदान तो अर्धा तास गाड्या काढायला मिळाला असता.

आमच्या विकसकाने विजेच्या मीटरचे पॅनेल जिन्याखाली, जमिनीपासून चार फुटांवर बसवले होते. ते बुडाले आणि वर एकही घर भिजलेले नसताना सबंध इमारत साडेतीन दिवस अंधारात राहिली. लिफ्ट तळमजल्यावर उभी होती, तिच्या खड्ड्यात गाळ भरला. पिण्याच्या पाण्याची टाकी जमिनीखाली होती आणि तिचे झाकण साध्या पत्र्याचे होते. ती टाकी दोनदा उपसून, ब्लीचिंग टाकून धुतल्यानंतरही आठवडाभर तिच्या पाण्याला वास येत होता. पाचव्या मजल्यावरच्या आजींना ऑक्सिजनचे यंत्र लागते. त्यांना खुर्चीत बसवून चौघांनी खाली आणले आणि कमरेएवढ्या पाण्यातून रस्त्यापर्यंत नेले. तेव्हा माझ्या लक्षात आले की आमच्या इमारतीतून बाहेर पडण्याची एकच वाट आहे, आणि ती सर्वांत आधी बुडते.

तळघराबद्दल आपल्या मालकांना एवढेच सांगा की आमच्याकडे तळघर नव्हते, म्हणून फक्त गाड्या गेल्या. रॅम्पवरून पाणी उतरायला लागल्यावर गाडी वाचवायला माणूस खाली धावतोच, त्याला कोणी थांबवू शकत नाही.

जाता जाता एक गोष्ट, जी जाहिरातीत कोणी लिहीत नाही. फेब्रुवारीपासून मेपर्यंत नदीत बहुतांशी सांडपाणी आणि जलपर्णी असते. संध्याकाळी सहा वाजले की नदीकडच्या खिडक्या आम्ही डासांसाठी बंद करतो, आणि ज्या गॅलरीसाठी जास्त पैसे मोजले तिथे कपडे वाळत घालतो.

ओटा:

वरच्या दोन्ही प्रतिसादांनंतर तळघराचा प्रश्न संपला असे मी धरतो. दुसऱ्या प्रश्नाबद्दल मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण मुकी भिंत की बुडणारी दुकाने, हे दोनच पर्याय आहेत असे मला वाटत नाही.

जर्मनीत हॅम्बुर्ग शहरात एल्बे नदीच्या काठी, जुन्या बंदराच्या १५७ हेक्टर जागेवर, हाफेनसिटी नावाचा घरे, कार्यालये आणि दुकाने असा मिश्र वापराचा भाग उभा राहिला आहे. १९६२ च्या फेब्रुवारीतल्या वादळी पुरात त्या शहरात तीनशेहून अधिक माणसे मेली होती, आणि ही जागा तर शहराच्या मुख्य पूरबंधाऱ्याच्या बाहेर आहे. तिथे त्यांनी नवा बंधारा न घालता इमारतीच समुद्रसपाटीपासून साधारण आठ-नऊ मीटर उंचीच्या जोत्यांवर नेल्या, गाड्या त्या जोत्यांच्या पोटात ठेवल्या, आणि पाण्यालगतचे फिरण्याचे रस्ते मात्र मुद्दाम खालच्या पातळीवर सोडले. पूर आला की ते बुडतात आणि ओसरला की धुऊन पुन्हा वापरले जातात. आपल्याला उपयोगी पडेल अशी खरी गोष्ट मात्र वेगळी आहे: त्यांनी इमारतींबरोबर मुख्य रस्तेही उंच केले, त्यामुळे पुराच्या वेळीही अग्निशमन गाडी दारापर्यंत पोहोचते. आपला रस्ता सव्वादोन मीटर खालीच राहणार आहे. म्हणजे नुसते उंच जोते केले तर आपण एक बेट बांधू, आणि वरच्या सदस्यांनी सांगितलेल्या आजी पुन्हा खुर्चीतूनच जातील. समपातळी रेषांचा नकाशा घेऊन आजूबाजूची कोणती गल्ली चढत जाऊन लाल पातळीच्या वर निघते ते शोधा, आणि जोत्याच्या पातळीवरून तिथपर्यंत एक पादचारी मार्ग न्या. शेजारच्या भूखंडाची संमती लागेल, वेळ जाईल. तरीही माझ्या मते संपूर्ण आराखड्यातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे.

गाड्यांच्या बाबतीत मात्र हॅम्बुर्गची नक्कल करू नये. तिथे गॅरेजना पुराची दारे आहेत, ती वेळेवर लावण्याची शिस्त आणि व्यवस्था आहे. आपल्याकडे खालचा मजला उघडाच ठेवून पाणी येऊ देणे अधिक सुरक्षित.

आता रस्त्याची बाजू. निळ्या रेषेच्या आत नियमावली काय चालवून घेते ती यादी एकदा नीट वाचा. बाग, हिरवळ, वाहनतळ यांच्याबरोबर तिथे ओट्यांचा उघडा भाजीबाजारही आहे. मला तर ती रचनेची सूचनाच वाटते. दगडी ओटा बुडतो, धुतला जातो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यावर मेथीच्या जुड्या लागतात. रस्त्यालगत दहा-बारा मीटरांचा पट्टा पार्किंगला न देता तिथे असे ओटे, फिरते गाडे, सायकली, रिक्षाथांबा आणि बसायला रुंद पायऱ्या द्या; मुक्या भिंतीचा प्रश्न तिथेच बराचसा सुटतो. अठरा पायऱ्या सलग न ठेवता नऊ पायऱ्यांनंतर प्रशस्त टप्पा ठेवा, म्हणजे त्या जिन्याचा घाट होईल. घाटावर माणसे चढायला कुरकुरत नाहीत, कारण तिथे बसताही येते. रॅम्प त्याच घाटाला वळसा घालत नेला तर तो कोपऱ्यात टाकल्यासारखा दिसणार नाही. सोबत एक लिफ्ट द्याच, मात्र तिचे यंत्र वर ठेवा आणि वीज गेली की ती जोत्याच्या पातळीवर जाऊन थांबेल अशी सोय करा.

राहिला जोत्यावरच्या दुकानांचा प्रश्न. रस्त्यावरून जाताजाता नजर पडून आत शिरणारे गिऱ्हाईक त्यांना मिळणार नाही, हे मालकांचे म्हणणे मला मान्य आहे. म्हणून काचेची दालने तिथे ठेवूच नका. दवाखाना, औषधे, पाळणाघर, पोळीभाजी केंद्र, केशकर्तनालय, शिंप्याचे दुकान यांच्याकडे माणूस ठरवून जातो. शिवाय ८० घरांची आणि सगळ्या कार्यालयांची प्रवेशद्वारे जिन्यांच्या पोटात न लपवता या दुकानांपुढे जोत्यावरच ठेवलेल्या चौकात उघडली, तर येणारा-जाणारा प्रत्येक जण दिवसातून दोनदा या दुकानांसमोरून जाईल. मिश्र वापराचा उपयोग खरे तर इथे होतो. एरवी तीन वेगळ्या इमारती एका भिंतीत उभ्या केल्या, की तिलाच मिश्र वापर म्हणतात.

नदीकडच्या खालच्या दोन मजल्यांवर कार्यालये ठेवा. त्यांच्या खिडक्या तशाही बंद असतात आणि संध्याकाळी डास येण्याच्या वेळी ती रिकामी होतात. घरे त्यावर. निळ्या रेषेच्या आतल्या जागेत दिखाऊ ताडांची रांग न लावता वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ अशी पाण्यात पाय रोवून उभी राहणारी काठावरची झाडे लावा, आणि काठाला सिमेंटची उभी भिंत घालू नका.

सांगलीचा दुकानदार:

ओटा यांचे म्हणणे पटले, पण एक भर घालतो. आमच्याकडे पूर कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी फुटांत मोजतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी साडेसत्तावन्न फुटांपर्यंत गेले आणि ते कित्येक दिवस उतरले नाही. पुण्याचे पाणी येते वेगाने आणि जाते लवकर. दोन्हींत नुकसान वेगळ्या प्रकारचे होते. आमच्याकडे वस्तू कुजल्या; तुमच्याकडे धक्का आणि गाळ अधिक. त्यामुळे खालच्या मजल्यावर जे काही ठेवाल त्यात प्लायवूड, जिप्समची छते आणि वॉलपेपर नको. कडप्पा, शहाबादी फरशी, घडीव दगड यांना पाण्याचे काही वाटत नाही. खाली पाण्याचे दोन जोरदार नळ आणि गाळ ओढून टाकायला एका बाजूला उतार ठेवा. गाळ ओला असेपर्यंतच निघतो. वाळला की पहार लागते.

दुकानांचे म्हणाल तर माझे आजोबा मालाची खालची फळी पावसाळ्यात रिकामी ठेवत. आम्ही ती सवय मोडली आणि २०१९ मध्ये त्याची किंमत दिली. तुम्ही भाडेकरारातच लिहून टाका की जून ते सप्टेंबर ओट्यांवर रात्री माल राहणार नाही.

निवृत्त पाटबंधारेवाला:

एक राहिले. मालकांना आकडे समजत नसतील तर पातळी समजते. नाशिककर पूर किती आला हे गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे पाहून सांगतात. पाणी त्याच्या कमरेला लागले की छातीला, एवढे पुरते. आपण लेव्हल (पातळी मोजण्याचे यंत्र) घेऊन जा आणि लाल रेषेची पातळी प्रत्यक्ष भूखंडावरच्या एखाद्या भिंतीवर रंगवा.

नवखा आराखडाकार:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल सकाळी भूमापकाला सोबत घेऊन गेलो आणि फाटकाशेजारच्या जुन्या चौकीच्या भिंतीवर गेरूने दोन पट्टे ओढले. खालचा लाल पातळीचा, वरचा जोत्याचा. खालच्या पट्ट्यासाठीसुद्धा भूमापकाच्या हाताखालच्या मुलाला स्टुलावर चढावे लागले. मालक दुपारी आले. सुरुवातीला त्यांना ती कसली तरी रंगकामाची तयारी वाटली. मग ते भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि हात वर करून पट्टा कुठे येतो ते चाचपून पाहिले. बोटे पोहोचली, तळहात पोहोचला नाही. त्यांनी विचारले, "म्हणजे तळघर याच्याही खाली?" मी हो म्हणालो. तळघराचा विषय त्यानंतर निघाला नाही.

रस्त्याकडच्या दुकानांवर ते अजून अडून आहेत. ओटे त्यांना गरिबीचे लक्षण वाटतात. घाट हा शब्द मात्र आवडला. आडव्या छेदात आता नदी, निळ्या रेषेतली झाडे, खांबांचा मोकळा मजला, चौक आणि रस्त्यावर उतरणारा घाट अशी मांडणी केली आहे. विजेचे पॅनेल, जनित्र आणि पाण्याची टाकी चौकाच्या पातळीवर आणली. सांडपाणी शुद्धीकरणाचा खड्डा मात्र अजून खालीच दिसतो आहे. उतार राखून तो वर घ्यायचा तर खालच्या दोन मजल्यांचे सांडपाणी पंपाने चढवावे लागेल, आणि नेमकी पुराच्या रात्री वीज नसेल. मागच्या गल्लीपर्यंतच्या पादचारी मार्गासाठी शेजारच्या मंगल कार्यालयाच्या मालकांना सोमवारी भेटतो आहे. पंपाच्या बाबतीत कोणी प्रत्यक्ष काम केलेले असेल तर कृपया सांगावे.